सकाळच्या स्मूदीतून हार्मोन्सपर्यंत नेमकं काय पोचतं?

‘हार्मोन बॅलन्स स्मूदी’ असं मोबाइलवर शोधलं की एकसारखे व्हिडिओ ओळीने समोर येतात. उंच काचेचा ग्लास, गुलाबी किंवा हिरवा रंग, वर पेरलेल्या बिया आणि जिनसांची लांबलचक यादी: बदामाचं दूध, चिया, ब्लूबेरी, मॅका पावडर (दक्षिण अमेरिकेतल्या एका कंदाची), केल ही परदेशी पालेभाजी, कोलॅजन. हे सगळं आणायचं तर महिन्याच्या किराण्यात निम्मी वाढ होईल. आणि हे रोज प्यायलं की पाळी नियमित होते, मुरुमं जातात, केस गळायचे थांबतात, चिडचिड कमी होते, असं सांगितलं जातं.

इतकी सगळी कामं एका ग्लासाकडून होत नाहीत. पण स्मूदीचा काहीच उपयोग नाही असंही नाही. सकाळच्या खाण्याचा एका हार्मोनवर अगदी थेट, काही मिनिटांत परिणाम होतो. तो हार्मोन पुढे बाकीच्यांना हलवतो. ती साखळी कळली की ग्लासात काय घालायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आपल्या शरीरात पन्नासहून अधिक हार्मोन्स आहेत आणि प्रत्येकाचा वेग वेगळा आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन महिन्याच्या चक्राने वरखाली होतात. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर चढलेलं असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. थायरॉइडचं टी-फोर रक्तात इतकं सावकाश कमी होतं की निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. आज सकाळी काय प्यायलं याची यांतल्या कुणाला तितकीशी फिकीर नसते. इन्सुलिनचं तसं नाही. घोट पोटात गेला, साखर रक्तात उतरू लागली, की स्वादुपिंड लगेच इन्सुलिन सोडतं. नाश्त्याच्या हातात जो दोर आहे तो हाच.

इन्सुलिनचा आणि पाळीचा काय संबंध?

इन्सुलिन म्हणजे डायबिटीस, एवढंच आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण बीजांडकोशावरही इन्सुलिनचा परिणाम होतो. बीजांडकोशातल्या काही पेशी मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीकडून आलेल्या एलएच या हार्मोनच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स बनवतात. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ती थोडी बनतातच, आणि लागतातही. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं तर या पेशी त्या सांगण्याला जरा जास्तच उत्साहाने दाद देतात.

त्याच वेळी यकृतातही काही घडतं. यकृत एसएचबीजी नावाचं एक प्रथिन तयार करतं. रक्तातल्या बऱ्याचशा टेस्टोस्टेरॉनला ते धरून ठेवतं. रिक्षात बसलेली सवारी जशी वाटेतल्या दुकानांत शिरू शकत नाही, तसं एसएचबीजीला बांधलेलं टेस्टोस्टेरॉन पेशींत शिरून काम करू शकत नाही. इन्सुलिन वाढलं की यकृत या रिक्षाच कमी सोडतं. मग मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणजे बनतंही जास्त आणि मोकळंही जास्त.

त्याचा परिणाम आरशात दिसतो: हनुवटीवर राठ केस, जबड्याच्या रेषेवर मुरुमं, भांगात विरळ होणारे केस. आत बीजांडकोशात वाढायला घेतलेली बीजपुटिका, म्हणजे बीज जिच्यात वाढतं ती पिशवी, अर्ध्यावर थांबते, बीज बाहेर पडत नाही. बीज बाहेर पडल्यानंतर मागे उरलेल्या पुटिकेतूनच प्रोजेस्टेरॉन तयार होतं. त्यामुळे बीज नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही आणि ते नाही तर गर्भाशयाच्या अस्तराला वेळेवर गळून पडण्याचा इशारा मिळत नाही. पाळी चाळीस दिवसांवर जाते, साठ दिवसांवर जाते, आणि आली की अंगावरून खूप जातं.

ज्यांना पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) आहे त्यांच्यापैकी बहुतेकींच्या शरीरात ही साखळी कमीजास्त प्रमाणात चालू असते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, म्हणून बरीच वर्षं तो त्यांच्याच नावाने ओळखला जायचा. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठीं’मुळे मुली घाबरतात त्या गाठी नसतातच, अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. तो फक्त वजन जास्त असलेल्यांना होतो हा समजही चुकीचा आहे. भारतीयांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती कमी वजनावरच दिसू लागते. अंगाने बारीक आणि पोट तेवढं सुटलेलं, हा आपल्याकडचा ओळखीचा बांधा आहे.

याचा नाश्त्याशी संबंध जोडणारा एक प्रयोग इस्रायलमध्ये झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पीसीओएस असलेल्या ६० सडपातळ स्त्रियांना रोज सारख्याच, म्हणजे सुमारे १८०० कॅलरी दिल्या. एका गटाचा सकाळचा नाश्ता ९८० कॅलरींचा आणि रात्रीचं जेवण नाममात्र होतं. दुसऱ्या गटाचं बरोबर उलट. तीन महिन्यांनी भरपेट नाश्ता करणाऱ्यांचं इन्सुलिन आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन बरंच खाली आलं होतं, बीज बाहेर पडण्याचं प्रमाण वाढलं होतं. रात्री जास्त खाणाऱ्यांमध्ये असा फरक दिसला नाही. प्रयोग छोटा आहे, त्यावरून उद्यापासून कुणी सकाळी हजार कॅलरी खायला घेऊ नयेत. पण सकाळी चहा-बिस्किटांवर भागवायचं आणि रात्री साडेनऊला पोटभर जेवायचं, ही आपल्या घरांतली रीत, विशेषतः घरातल्या बाईची, याच्या अगदी उलट आहे एवढं मात्र त्यातून दिसतं.

याची दुसरी बाजूही आहे. खाणं फारच कमी झालं तरी पाळी बिघडते. शरीरात येणारी ऊर्जा अपुरी आहे असं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला जाणवलं की तो बीजांडकोशाकडे जाणारे इशारे कमी करतो. वजन उतरवण्यासाठी नाश्त्याऐवजी काकडी-पालकाचा पातळ रस पिऊन व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी कधी कधी पूर्ण बंद होते, ती यामुळे. ‘हार्मोन्ससाठी’ म्हणून घेतलेला तो ग्लास त्यांच्या बाबतीत हार्मोन्सच्या मुळावरच उठलेला असतो.

नेहमीच्या ग्लासाचा हिशोब

आता घरोघरी होणारी ‘हेल्दी’ स्मूदी घ्या. एक केळं, एक चिकू, चार खजूर, एक मोठा चमचा मध, पेलाभर दूध. चवीला उत्तम! पण यात साखर सत्तर ग्रॅमच्या आसपास जाते आणि प्रथिनं जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. चोथा (फायबर) थोडा, दुधातली सोडली तर चरबी जवळपास नाही. गिळायला दोन मिनिटं लागतात, म्हणून ती साखर झपाट्याने आतड्यात पोचते. इन्सुलिन उसळतं आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते, ती बहुधा काहीतरी गोड किंवा तळलेलं मागते.

मध नैसर्गिक आहे म्हणून त्याला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटना मध, पाक आणि फळांचा रस यांतली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. ही साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांवर आणा, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, असं ती सांगते. गुळाचीही तीच गत. गुळातलं लोह हा आपला आवडता मुद्दा असतो, पण चमचाभर गुळात ते इतकं थोडं असतं की लोहासाठी गूळ खायचा म्हटलं तर आधी साखरच बेसुमार होईल.

फळाचं काय? अख्खं फळ खावं, मिक्सरमधून काढलं की त्याचा चोथा ‘मरतो’, असं सर्रास म्हणतात. चोथा मरत नाही. गाळला नाही तर तो ग्लासातच राहतो, फक्त बारीक होतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या छोट्या अभ्यासांत तर बिया असलेली फळं बियांसकट वाटून दिल्यावर रक्तातली साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, उलट काही वेळा कमीच चढली. बिया दळल्या गेल्याने त्यांतला चोथा आणि चरबी मोकळी होते, हे त्याचं संभाव्य कारण. तरीही ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरच घ्या म्हणते, कारण तीन फळं प्यायला काही कष्ट पडत नाहीत आणि तीन फळं चावून खाताना दुसऱ्यालाच आपण थांबतो. मला यातून व्यवहारात एवढंच घ्यावंसं वाटतं: फळ गाळू नका आणि एका ग्लासात एकापेक्षा जास्त घालू नका. निम्मंच घातलंत तर आणखी चांगलं.

मग ग्लासात हवं काय?

पहिली गोष्ट प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी ठरवलेल्या मानाप्रमाणे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या स्त्रीला साधारण ४६ ग्रॅम. पोह्यांच्या एका बशीत शेंगदाण्यांसकट सहा-सात ग्रॅम मिळतात. सकाळीच पंधरा ते वीस ग्रॅम घेतले तर दिवसाचा बराचसा भार हलका होतो. प्रथिनं आणि चरबी पोटातून पुढे सरकण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे सोबतची साखर रक्तात हळूहळू उतरते.

त्यासाठी प्रोटीन पावडरचा डबा घेतलाच पाहिजे असं नाही. चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं घ्या. शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं, भाजलेलं असल्याने कच्चा वास नाही, आणि दळलं की पीठ होऊन स्मूदीला छान दाटपणा येतो. उत्तरेत सत्तूचं सरबत पितात ते याच जातीचं. श्रीखंडासाठी टांगतो तो चक्का हे दुसरं साधन; पाणी निघून गेल्यामुळे त्यात साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे हे तिसरं.

दुसरी गोष्ट चोथा, आणि इथे मी जवसावर थोडी रेंगाळणार आहे. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी भाकरीसोबत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते; शहरात तेच बी ‘फ्लॅक्ससीड’ होऊन चौपट भावाने विकलं जातं. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे दहा ग्रॅममध्ये, पावणेतीन ग्रॅम चोथा आणि दोन ग्रॅमहून अधिक ओमेगा-३ चरबी असते. शिवाय लिग्नान नावाचं द्रव्य जवसात जितकं असतं तितकं आपल्या रोजच्या दुसऱ्या कुठल्याही खाण्यात नसतं. आतड्यातले जिवाणू त्यापासून इस्ट्रोजेनशी थोडंफार साधर्म्य असलेली, पण फार सौम्य द्रव्यं बनवतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नियमित पाळी असलेल्या १८ स्त्रियांनी रोज दहा ग्रॅम जवसाची पूड खाल्ली. तेव्हा बीज बाहेर पडल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ सरासरी एका दिवसाने लांबला. एक दिवस, अठरा जणी. ‘जवसाने हार्मोन्स सुधारतात’ या वाक्यामागे जे भक्कम आहे ते साधारण एवढं आहे. तरीही मी जवस घालायला सांगेन, कारण हार्मोनचा भाग बाजूला ठेवला तरी चोथा आणि चरबी कुठे जात नाही.

अख्खं जवस मात्र टणक सालीमुळे आलं तसं बाहेर जातं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, आठवड्यापुरतंच दळा आणि पूड फ्रिजमध्ये ठेवा. त्यातलं तेल उघड्यावर लवकर खवट होतं. सुरुवात एका लहान चमच्याने करा. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घातले तर पोट फुगेल आणि दोष स्मूदीला जाईल.

तिसरी गोष्ट लोह. हे हार्मोन नव्हे, पण थकवा, केस गळणं, धाप लागणं या ज्या तक्रारी ‘हार्मोन्स बिघडलेत’ म्हणून सांगितल्या जातात, त्यांतल्या कितीतरी लोहाच्या कमतरतेच्या निघतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. महाराष्ट्रात ५४ टक्के. थायरॉइड ग्रंथीला तिचं हार्मोन तयार करायलाही लोह लागतं. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं असं आपली पोषण संस्था सांगते. हा आकडा इतका मोठा आहे कारण धान्य-भाज्यांतलं लोह थोडंच अंगी लागतं. क जीवनसत्त्व सोबत असलं तर ते जास्त शोषलं जातं, चहाबरोबर कमी. म्हणून स्मूदीत पेरू किंवा आवळा घाला आणि चहा तासभर लांब ठेवा. चहाचं हे पथ्य ग्लासातल्या कुठल्याही परदेशी पावडरीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एका माणसाची कृती

मिक्सरच्या लहान भांड्यात ३० ग्रॅम पंढरपुरी डाळं (मुठीपेक्षा थोडं जास्त) आणि १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे कोरडेच दळून घ्या. हे आधीच करायचं, नाहीतर दह्यात डाळ्याच्या कण्या राहतात आणि दाताखाली येतात. त्यात एक मोठा चमचा जवसाची पूड, १५० ग्रॅम ताजं दही, अर्धी वाटी दूध, अर्धं केळं किंवा अर्धा पिकलेला पेरू, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवा. पेरूच्या बिया नीट दळल्या जायला हव्यात. ज्यांना त्या नकोच वाटतात त्यांनी मधला गर काढला तरी चालेल. दाट वाटलं तर पाणी घाला. बर्फ हवा तर घाला, त्याने हार्मोन्स ‘थंड’ पडत नाहीत.

प्रथिनं वीस ग्रॅमच्या जवळपास, चोथा सात-आठ ग्रॅम, कॅलरी सुमारे साडेचारशे. म्हणजे हा पूर्ण नाश्ता झाला. यावर पुन्हा पोहे खायचे नाहीत. गोडी कमी वाटेल. आठवडाभर तशीच घ्या, जिभेला सवय होते. नाहीच जमलं तर एक खजूर, मध नको. आणि केलेली लगेच प्या, कारण जवस पाणी ओढतं आणि अर्ध्या तासात चमच्याने खायची वेळ येते. तशी चमच्याने खाल्ली तर खरं म्हणजे जास्त चांगलं.

यात बदल हवे तेवढे करता येतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी शेंगदाण्याऐवजी भाजलेले तीळ घ्यावेत: दहा ग्रॅममध्ये शंभरएक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, आणि पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन ओसरतं तशी हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. डाळ्याच्या जागी नाचणीचं सत्त्व शिजवून, गार करून घातलं तर कॅल्शियम वाढेल पण प्रथिनं घटतील, म्हणून तेव्हा दह्याऐवजी चक्का घ्या. रात्री भिजवलेले हळीव चमचाभर घातले तर बुळबुळीत दाटपणा येतो, लोहही मिळतं; आपल्याकडे बाळंतिणीला हळिवाचे लाडू देतात, गरोदरपणात मात्र हळीव टाळतात, ते टाळावेतच. डिसेंबर ते मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी स्वस्त असते, साखर कमी आणि क जीवनसत्त्व भरपूर, तेव्हा ब्लूबेरीची आठवण काढायचं कारण नाही. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी सोया दूध घ्यावं. बदामाच्या बाजारी दुधात बदाम इतके थोडे असतात की प्रथिनं जवळपास मिळतच नाहीत.

कच्चा पालक मात्र रोज नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, आणि ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांच्यासाठी रोजची हिरवी स्मूदी हा सरळ धोका आहे. पालकाची ताकातली भाजी चांगली. तिथे तो शिजलेला असतो आणि ऑक्झलेट थोडं कमी झालेलं असतं.

तीन गोष्टी ज्या सारख्या विचारल्या जातात

‘सीड सायकलिंग’, म्हणजे पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसऱ्या पंधरवड्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या. मांडणी इतकी नीटनेटकी आहे की खरी वाटते. पण अमुक बी अमुक पंधरवड्यातच खाल्ल्याने काही जास्त होतं याला म्हणावा असा आधार नाही; झालेत ते मोजके, लहान अभ्यास. आणि जिची पाळी दोन-दोन महिने येत नाही तिने पंधरवडा मोजायचा तरी कुठून? चारही बिया चांगल्या आहेत. महिनाभर कशाही खा.

दुसरं, केळं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांचा २०२३ चा अभ्यास खूप फिरला: स्मूदीत केळं घातल्यावर फ्लॅव्हॅनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं ८४ टक्के कमी शोषली गेली. केळ्याला काळं पाडणारं एन्झाइम याला कारणीभूत आहे. अभ्यास नीट केलेला आहे, पण हा आकडा आठ जणांवरून आला, आणि आठही पुरुष होते! त्याचा स्त्रियांच्या हार्मोन्सशी संबंध नाही. कोको किंवा स्ट्रॉबेरी घालणार असाल त्या दिवशी केळं वगळा, इतकाच त्याचा अर्थ. जळगावच्या केळ्याने आपलं काही वाकडं केलेलं नाही.

तिसरं, दूध आणि फळ हा विरुद्ध आहार आहे का. आयुर्वेदात तसं सांगितलेलं आहे आणि जे ते पाळतात त्यांनी दुधाऐवजी पाणी आणि फळाऐवजी वेलची-सुंठ वापरावी, कृतीचं काही बिघडत नाही. आधुनिक पोषणशास्त्राला दूध आणि केळं एकत्र घेण्यात अडचण दिसत नाही. आणि गंमत म्हणजे हा आक्षेप ज्या घरांत सर्वांत ठामपणे ऐकू येतो, त्याच घरांत पोळीबरोबर शिकरण होत असते.

शतावरी, अश्वगंधा, मॅका यांची चूर्णं स्मूदीत घालायला सर्रास सांगतात. ती औषधं आहेत, खाणं नव्हे. अश्वगंधा थायरॉइडच्या पातळ्यांत ढवळाढवळ करू शकते आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वैद्यांनी तपासून दिलं तर घ्यावं. व्हिडिओ पाहून नको.

गोळ्या चालू असतील तर

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर काही खायचं नाही, हे बहुतेकींना ठाऊक असतं. तरी सहाला गोळी आणि सव्वासहाला स्मूदी होतेच. दह्यातलं कॅल्शियम, जवसाचा चोथा, सोया दूध या तिन्ही गोष्टी त्या गोळीचं शोषण कमी करतात. मग रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) वाढलेलं दिसतं, डॉक्टर डोस वाढवतात आणि दोष कशाचा ते कुणालाच कळत नाही. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब हव्यात. लोहाची गोळीही या दही-दुधाच्या ग्लासाबरोबर घेऊ नका. ती लिंबूपाण्याबरोबर, वेगळ्या वेळी.

पीसीओएससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते अनेक महिने घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी स्त्रियांत ते आधीच तोकडं असतं आणि वाटीभर दह्याने भरून निघत नाही. तेव्हा रक्ततपासणी करून घ्या. डायबिटीसच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा गरोदर असाल तर जवस आणि प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तीन महिने पाळी आलेली नाही, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावा लागतोय, चेहऱ्यावर एकाएकी दाट केस आले, बाळ अंगावर पीत नसताना स्तनांतून दूध येतंय, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर हे नाश्ता बदलून पाहण्याचे दिवस नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पीसीओएसवरचे २०२३ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झाले. त्यांतही स्पष्ट म्हटलं आहे की कुठलाही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. स्वतःला झेपेल असं संतुलित खाणं आणि नियमित हालचाल, असं ते सांगतात.

म्हणूनच ज्यांना सकाळी गार, दाट काही घशाखाली उतरत नाही त्यांनी स्मूदीसाठी जीव आटवू नये. भाजणीची दोन लहान थालीपिठं, वाटीभर दही आणि चमचाभर जवसाची चटणी घेतली तर प्रथिनं पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतात, भाजणीतल्या डाळींमुळे चोथाही भरपूर मिळतो, आणि चावावं लागल्याने ते खायला दोनऐवजी पंधरा मिनिटं लागतात. वर अर्धा पेरू खा. चहा त्यानंतर तासाभराने.